रेहमानचं दुसरं ऑस्कर कशाचं?

एक सोपा प्रश्न. 2009च्या फेब्रुवारीत ए. आर. रेहमानला 'स्लमडॉग मिलिअनेअर'साठी ऑस्कर मिळालं, ते कशाबद्दल? कुणालाही विचारा, उत्तर येईल 'जय हो'. ते अर्धंच बरोबर आहे. त्या रात्री रेहमानच्या हातात दोन बाहुल्या होत्या. एक 'जय हो' या गाण्याची, तीत गुलजारही वाटेकरी. दुसरी सिनेमाच्या पार्श्वसंगीताची, ती एकट्या रेहमानची. त्या दुसऱ्या बाहुलीमागची एखादी धून गुणगुणून दाखवा म्हटलं, तर भले भले छताकडे बघायला लागतात.

पुढे 2023मध्ये 'नाटू नाटू'ला ऑस्कर मिळालं, तेव्हा 'आरआरआरच्या संगीताला ऑस्कर' असे मथळे आले. तेही तितकं खरं नव्हतं. पुरस्कार गाण्याला होता, म्हणजे संगीतकार कीरवाणी आणि गीतकार चंद्रबोस यांना. पार्श्वसंगीताच्या विभागात त्या सिनेमाला नामांकनसुद्धा नव्हतं.

दर डिसेंबरात वर्षातल्या गाजलेल्या गाण्यांच्या याद्या निघतात. वर्षातलं आवडतं पार्श्वसंगीत अशी यादी मराठीत क्वचितच दिसते. तशी यादी करायची असेल तर आधी ही चीज नेमकी काय आहे, हे कळायला हवं.

आई मालिका 'बघते' कशी?

आमची आई संध्याकाळची मालिका स्वयंपाकघरातून बघते. टीव्ही बाहेरच्या खोलीत, आई पोळ्या लाटतेय, पाठ आमच्याकडे. बाहेर धाडधाड तबला आणि झांजेसारखा आवाज झाला की ती न वळता म्हणते, "आली वाटतं ती!" बासरी लागली की म्हणते, "आता हा माफी मागणार." दहातल्या नऊ वेळा बरोबर. पडदा न बघता तिला कथा कळते, कारण कुणीतरी ती कथा सुरांत लिहून ठेवलेली आहे.

संवाद आणि प्रसंगांच्या मागे वाजणारं, गाणं नसलेलं हे जे संगीत असतं ते पार्श्वसंगीत. इंडस्ट्रीत याला नुसतं 'बॅकग्राऊंड' म्हणतात, हल्लीची पोरं 'बीजीएम' म्हणतात. मराठी माणसाला शब्द नवा नाही. नाटकाच्या जाहिरातीत नेपथ्य आणि प्रकाशयोजनेच्या शेजारी तो पिढ्यान् पिढ्या छापला जातोय. वाचून पुढे जायची सवय मात्र तेवढीच जुनी आहे.

एक फरक इथेच सांगून टाकतो. सिनेमातलं काही संगीत पडद्यावरच्या माणसांनाही ऐकू येतं, काही फक्त आपल्याला. 'शोले'त संध्याकाळी ओट्यावर बसून जय माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या घरात राधा एकेक दिवा मालवत जाते. ती धून दोघांनाही ऐकू येते. दोघं एक अक्षर बोलत नाहीत, तरी आख्खं प्रेमप्रकरण तिथे होऊन जातं. (प्रत्यक्षात तो माउथ ऑर्गन आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यातल्या भानू गुप्तांनी वाजवलाय.) याउलट गब्बरच्या मागे जे काही भेसूर घुमतं ते गब्बरला ऐकू येत नाही. आलं असतं तर तोच दचकला असता.

'फँड्री'त डुकराच्या मागे धावणारं कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी उभं राहतं. ते संगीत प्रसंगातलंच आहे, वरून लावलेलं नाही. म्हणून तर ते इतकं झोंबतं.

हे बनतं कसं?

गाण्याचा जन्म बहुतेकदा शूटिंगच्या आधी होतो. पार्श्वसंगीताचा नंबर सगळ्यात शेवटी. सिनेमा संकलित होऊन तयार होतो, मग दिग्दर्शक आणि संगीतकार तो सोबत बसून बघतात आणि ठरवतात की कुठे वाजेल, कुठून कुठपर्यंत, आणि कुठे अजिबात वाजणार नाही. अशा एकेका तुकड्याला 'क्यू' म्हणतात. कुणी उंबरा ओलांडला की सुरू, दार लागलं की बंद, इतक्या बारकाईने तो मोजलेला असतो.

ही मोजणी चुकली तर काय होतं ते मी भोगलेलं आहे. कॉलेजात एकांकिका स्पर्धेत माझ्याकडे संगीताची बाजू होती. म्हणजे विंगेत लॅपटॉप घेऊन बसायचं आणि बटण दाबायचं. म्हाताऱ्या बापाच्या हातून पेला पडतो, तीन सेकंद काहीच नाही, मग सारंगी, असं दिग्दर्शकाने घोकून घेतलं होतं. ऐन स्पर्धेत माझा घामेजलेला अंगठा आधीच पडला. पेला बापाच्या हातात, बाप जिवंत आणि सारंगी रडतेय. मागच्या रांगेतून आवाज आला, "अरे थांब, मेला नाही अजून तो!" सगळं नाट्यगृह हसलं. त्यानंतर तो बिचारा मेला, पण कुणाला काही वाटलं नाही.

पार्श्वसंगीताबद्दल मला जे काही कळलं त्यातलं बरंचसं त्या दोन सेकंदांत कळलं. तीच सारंगी पेल्याच्या आधी आली तर ती चाहूल देते, पेल्याबरोबर आली तर नुसती अधोरेखित करते, आणि जरा थांबून आली तर शोक होते. सूर एकच, जागा बदलली की अर्थ बदलतो. म्हणूनच गाण्यासारखं ते बाजूला काढून 'चाल चांगली आहे का' एवढंच तपासण्यात फारसा अर्थ नसतो.

या जागेच्या जाणिवेचा नमुना बघायचा तर 'पथेर पांचाली' (1955) बघा. दुर्गा गेलेली आहे. बाप हरिहर कामासाठी बाहेरगावी होता, त्याला काहीच माहीत नाही. तो परततो, पिशवीतून एकेक वस्तू काढतो आणि लेकीसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. सर्बजया ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिच्या रडण्याचा आवाज आपल्याला येतच नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या पट्टीतला पटदीप. तारशहनाई म्हणजे इसराज या तंतुवाद्याला कर्णा जोडलेलं वाद्य, त्यामुळे तिचा आवाज किंकाळीच्या जवळ जातो. आईचा हंबरडा वाद्याने फोडलाय. या सिनेमाचं संगीत रविशंकर यांनी एकाच बैठकीत, रात्रभर बसून, सुमारे 11 तासांत ध्वनिमुद्रित केलं होतं. आता पटदीप आपल्याला काही परका नाही, मैफलीत आपण तो आनंदाने ऐकतो. पण हा प्रसंग बघितल्यापासून मला तो राग नुसता ऐकता येत नाही.

लक्षातच राहत नाही, मग चांगलं कसं?

हा आक्षेप नेहमीचा. गाणं चांगलं असेल तर ओठावर येतं, मग पार्श्वसंगीत का येऊ नये?

कीर्तनात मागे उभा असलेला टाळकरी आठवा. बुवांचा आवाज चढला की त्याचा टाळ चढतो, बुवा गोष्टीत शिरले की तो टाळ छातीशी धरून गप्प राहतो. घरी जाताना 'आज टाळ काय सुंदर वाजला' असं कुणी म्हणत नाही. 'आज बुवा काय रंगले' म्हणतात. त्या रंगण्यात टाळकऱ्याचा वाटा किती, हे बुवांना विचारावं.

आणखी साधं करून बघायचं असेल तर सिनेमातला एखादा भीतीचा प्रसंग आवाज बंद करून बघा. एक बाई जिना चढतेय, बस. मग आवाज लावा. जिना तोच, बाई तीच, पण आता तुम्ही सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले असाल.

पण 'जाणवतच नाही ते उत्तम' असंही म्हणतात की

म्हणतात, आणि मला ते पटत नाही. याने एका बाजूचा अन्याय जाऊन दुसऱ्या बाजूचा येतो.

'सायको'मधला (1960) शॉवरखालच्या खुनाचा प्रसंग. दिग्दर्शक हिचकॉकचं म्हणणं होतं की इथे संगीत नको, नुसता पाण्याचा आणि सुऱ्याचा आवाज पुरे. संगीतकार बर्नार्ड हर्मन यांनी ऐकलं नाही. आख्ख्या सिनेमासाठी त्यांनी फक्त तंतुवाद्यं वापरली होती, तसाच एक तुकडा या प्रसंगासाठी लिहून हिचकॉकना ऐकवला. व्हायोलिनवर खसाखस गज ओढल्यासारखे ते सूर. हिचकॉकनी मत बदललं. आज तो प्रसंग त्या किंचाळणाऱ्या व्हायोलिनशिवाय कुणाला आठवतच नाही. तेव्हा जाणवावं की जाणवू नये, हा नियम नव्हेच. प्रसंगाला काय हवं ते बघावं.

गंमत म्हणजे त्या वर्षी 'सायको'ला ऑस्करची चार नामांकनं मिळाली. संगीताचं त्यात नव्हतं.

ऑस्करवाले ठरवतात कसं?

तिथे नियमांचं जंगल आहे. आत्ताच्या नियमानुसार सिनेमात वाजणाऱ्या एकूण संगीतापैकी किमान 35 टक्के त्या सिनेमासाठी नव्याने केलेलं असावं लागतं. सिनेमा एखाद्या मालिकेचा पुढचा भाग असेल तर ही अट 80 टक्क्यांवर जाते. म्हणून 2024च्या 'ड्यून : पार्ट टू'चं हान्स झिमर यांचं संगीत स्पर्धेत उतरूच शकलं नाही. पहिल्या भागातलं बरंच संगीत पुन्हा वापरलं गेलं होतं. त्या पहिल्या भागाला ऑस्कर मिळालेलं होतं, हे विशेष.

आता यात गोम अशी की पुढच्या भागात जुनी धून परत येणं हा कथेचाच भाग असतो. एका पात्राची एक धून ठरली की ती पुन्हा वाजल्यावर आपल्याला ओळख पटते, जशी तमाशात ढोलकीच्या ठरलेल्या तोड्यावर आता कोण येणार ते कळतं. ती बदलायची तरी कशी? पण समितीलाही कुठेतरी रेघ मारावी लागते.

ही रेघ कधीकधी फारच मजेशीर ठिकाणी पडते. 'द गॉडफादर'च्या नीनो रोटा यांच्या संगीताला नामांकन मिळालं आणि काढून घेतलं गेलं. त्यातली एक मुख्य धून त्यांनी आधी 1958च्या एका इटालियन सिनेमात वापरली होती. मग त्या वर्षी पुरस्कार कुणाला? चार्ली चॅप्लिनना, 'लाइमलाइट'साठी. सिनेमा 1952चा! लॉस एंजेलिसमध्ये तो तोवर रीतसर लागलाच नव्हता, म्हणून वीस वर्षांनी तो 'नवा' धरला गेला. आणि दोन वर्षांनी 'गॉडफादर'च्या दुसऱ्या भागाला संगीताचं ऑस्कर मिळालं. ती वादाची धून त्यातही आहे.

2016च्या 'अरायव्हल'चंही असंच झालं. योहान योहानसन यांचं संगीत बाद ठरलं, कारण सिनेमाच्या सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिख्टर यांची आधीची एक रचना आहे आणि प्रेक्षकावर ठसा कुणाचा हे वेगळं काढता येत नाही, असं समितीचं म्हणणं पडलं.

हा घोळ बऱ्याचदा 'टेम्प'मधून सुरू होतो. संकलन चालू असताना खरं संगीत तयार नसतं, म्हणून दुसरीकडचं कुठलं तरी तात्पुरतं लावून काम पुढे नेतात, ते टेम्प. महिनोन् महिने तेच ऐकून दिग्दर्शक त्याच्या प्रेमात पडतो. शेजारणीचं पोर सांभाळायला घ्यावं आणि मग परत देववू नये, तसलं. स्टॅनली कुब्रिक यांनी '2001 : अ स्पेस ओडिसी'साठी अ‍ॅलेक्स नॉर्थ यांच्याकडून संगीत लिहून घेतलं आणि शेवटी टेम्प म्हणून लावलेल्या अभिजात रचनाच ठेवल्या. नॉर्थना हे कळलं ते पहिल्या खेळाला, प्रेक्षागृहात बसल्यावर.

आपल्याकडे काय चालतं?

आपल्याकडे गाण्याची सावली इतकी लांब आहे की तिच्याखाली बाकी काही दिसत नाही. त्यातून 'संगीत' म्हणून ज्याचं नाव येतं त्यानेच पार्श्वसंगीत केलेलं असेल असंही नाही. श्रेयनामावलीत दोन वेगळ्या ओळी असतात. 'तुंबाड' घ्या. शीर्षकगीत अजय-अतुल यांचं, पण त्या सततच्या पावसात आणि वाड्याच्या पोटात जे घुमतं ते येस्पर किड यांचं. हा डेन्मार्कचा संगीतकार, व्हिडिओ गेमच्या संगीतासाठी जगभर ओळखला जाणारा. कोकणातल्या शापित वाड्याची भीती एका डॅनिश माणसाने उभी केलीय, हे 2024मध्ये सिनेमा पुन्हा लागला तेव्हा रांगा लावलेल्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं?

'फँड्री'चंही तसंच. अजय-अतुल यांचं प्रसिद्धीसाठी केलेलं गाणं गावोगाव वाजलं. सिनेमाचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे, हे नाव मात्र फारसं कुणाच्या तोंडी नाही. पुढे त्यांनी 'ट्रॅप्ड' आणि 'सेक्रेड गेम्स'लाही संगीत दिलं.

हे विस्मरण जुनंच आहे. मुंबईच्या स्टुडिओंत कित्येक दशकं वाद्यमेळ लिहून देणारे अरेंजर बरेचसे गोव्याचे होते. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. स्वरलेखन वाचता-लिहिता येणारी ही मंडळी. संगीतकार चाल गुणगुणायचा, ती पन्नास वादकांपुढच्या कागदावर उतरवायचं काम यांचं. पडद्यावर यांची नावं अभावानेच. गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते त्यांचा शिष्य प्यारेलाल याने 1977मध्ये एका गाण्यातून त्यांना सलाम केला तेव्हा, आणि लोकांना वाटलं हे काल्पनिक पात्र आहे.

राष्ट्रीय पुरस्कारांत गाणी आणि पार्श्वसंगीत यांना 2009च्या सिनेमांपासून नियमितपणे वेगवेगळा सन्मान मिळू लागला. त्या वर्षी गाण्यांसाठी 'देव डी'चा अमित त्रिवेदी, पार्श्वसंगीतासाठी 'पळशी राजा'चे इलयराजा. वाटणी चांगलीच झाली. पण बातम्यांत अजूनही पहिला विभाग मथळ्यात आणि दुसरा 'इतर पुरस्कार' या चौकटीत.

पैशांची बाजू थोडक्यात. 2012च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सिनेमातल्या संगीताचे कर्ते रॉयल्टीचा आपला हक्क करारातही सोडून देऊ शकत नाहीत. चित्रपटगृहात सिनेमा दाखवला जातो तेवढा अपवाद, टीव्ही वगैरे बाकीच्या वापरात त्यांचा वाटा असतो. कायदा 'संगीत' म्हणतो, 'गाणं' नाही. तेव्हा मागे वाजणाऱ्या सुरांचा कर्ताही त्यात येतो.

मग ते सतत ठणाणा का वाजतं?

हा आक्षेप मला शंभर टक्के मान्य. हल्ली नायकाने गॉगल काढला तरी चाळीस ढोल वाजतात. बीजीएमचं कौतुक होतं तेही या एंट्रीपुरतंच. दिग्दर्शकाचा प्रसंगावर भरवसा नसला की तो संगीताचा आवाज वाढवतो, माझं तरी असं निरीक्षण आहे.

न वाजवण्यालाही हिंमत लागते, आणि ती आपल्याकडे फार लवकर दाखवली गेली. 1937 साली पुण्यात प्रभातने 'कुंकू' काढला. व्ही. शांताराम दिग्दर्शक, संगीत केशवराव भोळे यांचं. त्यात वरून लावलेलं पार्श्वसंगीत नाही. घरात, रस्त्यावर जे आवाज असतील तेच. बोलपट येऊन जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि जो तो मिळेल तिथे वाजवत सुटला होता, तेव्हाची ही गोष्ट.

आणि 'सैराट'. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी अमेरिकेत सोनीच्या स्टुडिओत मोठा सिंफनी ऑर्केस्ट्रा वापरला. परशा विहिरीकडे धावतो तेव्हा ती व्हायोलिनं आपल्यालाही पळवतात. शेवटी मात्र ते लहान मूल रक्तात पाऊल टाकून दाराबाहेर येतं तेव्हा सगळा आवाज बंद. मुलाचं तोंड रडण्यासाठी उघडलेलं दिसतं, ऐकू काहीच येत नाही. मी हा सिनेमा पाहिला तेव्हा आधीचे अडीच तास शिट्ट्या मारणारं थिएटर त्या वेळी श्वास घ्यायचंही विसरलं होतं. एवढा मोठा ऑर्केस्ट्रा हाताशी असताना तो थांबवायचा निर्णय, हा माझ्या मते त्या सिनेमातला सगळ्यात भारी क्यू.

यादी करायची तर

गाण्यांची यादी फोन उघडून पाच मिनिटांत होते. ही तशी होणार नाही, कारण बऱ्याच सिनेमांचं पार्श्वसंगीत वेगळं प्रसिद्धच होत नाही. सिनेमा पुन्हा बघावा लागतो, या वेळी कान उघडे ठेवून. मी एक वहीच ठेवलीय. तीत संगीतकाराचं नाव आणि प्रसंग लिहितो, धून लिहायच्या फंदात पडत नाही.

2024च्या पानावर सगळ्यात वर 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट' आहे. पार्श्वसंगीत तोपशे यांचं. त्याशिवाय एमाहॉय त्सेगे-मरियम गेब्रू या इथिओपियाच्या ननने वाजवलेला जुना पियानो त्यात आहे. 2023मध्ये, 99व्या वर्षी त्या गेल्या. मुंबईचा पाऊस, लोकलची गर्दी, दमून घरी निघालेल्या नर्सा आणि मागे हा अडखळत, मध्येच थबकून पुढे जाणारा पियानो. पाय चिखलात रुतू नये म्हणून कुणी जपून चालावं तसा.

परवा तो प्रसंग पुन्हा लावला होता. आई पोळ्या लाटत होती. पियानो सुरू झाला, थांबला, परत सुरू झाला. लाटणं हातात तसंच धरून ती दारात आली आणि म्हणाली, "हे कोण वाजवतंय?"